गोपाळ गणेश आगरकर : जीवन परिचय आणि 'वादाचं झाड'



आजच्या लेखात आपण थोर समाजसुधारक, 'केसरी'चे पहिले संपादक आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य गोपाळ गणेश आगरकर यांच्या जीवनाची माहिती पाहणार आहोत. १७ जूनला त्यांची पुण्यतिथी असते आणि १४ जुलैला जयंती. शाळा नुकती सुरू झालेली असते, छपरावर पाऊस वाजत असतो आणि परिपाठात एखादा विद्यार्थी पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवतो. जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू, जय हिंद! भाषण संपतं, टाळ्या होतात, आणि आगरकर पुन्हा पुढच्या वर्षीपर्यंत पुस्तकात जाऊन बसतात.

मला नेहमी वाटतं की या माणसाने आयुष्यभर जे केलं तेच आपण मुलांना सांगत नाही. ते आयुष्यभर वाद घालत होते. भांडण नाही बरं का, वाद! कारण देऊन, समोरच्याची हरकत ऐकून, तिला उत्तर देऊन घातलेला वाद. म्हणून या लेखात त्यांच्या चरित्रासोबत मी वर्गात घेत असलेला एक उपक्रमही सांगणार आहे. आमच्या डोळखांब परिसरातील मुलं त्याला 'वादाचं झाड' म्हणतात.

जन्म आणि बालपण

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. कऱ्हाडला मामांच्या घरी राहून त्यांचं सुरुवातीचं शिक्षण झालं. पुढे शिकायची सोय होईना, म्हणून लहान वयातच त्यांनी कचेरीत उमेदवारी केली. शिकण्यासाठी रत्नागिरीला गेले, तिथेही निभाव लागला नाही. काही काळ दवाखान्यात औषधं बनवून देण्याचं कामही केलं. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने ते थेट वऱ्हाडात अकोल्याला गेले आणि तिथून १८७५ मध्ये मॅट्रिक झाले.

मुलांनो, नकाशा उघडा आणि कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला या तीन गावांवर बोट ठेवा. एका मुलाला दहावीच्या बरोबरीची परीक्षा देण्यासाठी किती फिरावं लागलं ते तुम्हाला न सांगताच कळेल.

उच्च शिक्षण

मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. शिष्यवृत्ती, निबंध स्पर्धेचं बक्षीस, वर्तमानपत्रात लेखन अशी जुळवाजुळव करून त्यांनी खर्च भागवला. अंगात घालायला एकच सदरा असायचा. तो रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही त्यांच्याबद्दलची प्रसिद्ध आठवण आहे. १८७८ मध्ये ते बी. ए. झाले आणि त्यानंतर इतिहास व तत्त्वज्ञान या विषयांत एम. ए. झाले. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला.

याच कॉलेजात त्यांची आणि बाळ गंगाधर टिळकांची मैत्री झाली. दोघंही एकाच वर्षी, १८५६ मध्ये जन्मलेले. देशासाठी काय करायचं यावर दोघांच्या रात्र-रात्र चर्चा चालत. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी करायची नाही, लोकांना शिकवायचं, हे दोघांनी ठरवलं. मुलगा एम. ए. झाला, आता दिवस पालटतील या आशेवर असलेल्या आईला आगरकरांनी पत्र लिहून कळवलं की मी जास्त पैशांच्या मागे लागणार नाही, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी देणार आहे. ज्यांच्या घरात पहिलाच मुलगा शिकतोय, त्यांना हे पत्र लिहिणं किती अवघड असेल ते समजेल.

शाळा, केसरी आणि तुरुंग

१ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. एम. ए. झाल्यावर आगरकरही त्यात आले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन वर्तमानपत्रं निघाली. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते.

कोल्हापूर संस्थानच्या छत्रपतींचा छळ होतोय अशा आशयाचं लेखन या पत्रांतून छापलं गेलं. दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघं १०१ दिवस होते. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. एका कोठडीत राहिलेले हे दोन मित्र पुढे महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या वादात समोरासमोर उभे राहिले, हे लक्षात ठेवा.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं.

वाक्य सोडवणारा शिक्षक

आगरकरांच्या एका पुस्तकाकडे भाषणात कुणाचं लक्ष जात नाही. ते म्हणजे 'वाक्यमीमांसा', वाक्यांच्या पृथक्करणावरचं पुस्तक. उद्देश्य कोणतं, विधेय कोणतं, कोणता शब्द कोणाला चिकटलाय, हे सुटं करून पाहणं म्हणजे वाक्य पृथक्करण. आपण सहावी-सातवीला हेच शिकवतो.

जे वाक्याचं करता येतं तेच वादाचंही करता येतं. आपल्या जुन्या न्यायशास्त्राने हे फार पूर्वीच सांगितलंय. त्याच्या पाच पायऱ्या आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. त्यातलं नेहमीचं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं. डोंगरावर आग आहे. का? तर धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. इथेही तसाच धूर आहे. म्हणून इथे आग आहे. आमच्या मुलांना हे लगेच पटतं, कारण उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागलेला त्यांनी पाहिलेला असतो. मग मी विचारते की जुलै महिन्यात आजोबा डोंगरावर पांढरं दिसतं तेही धूर का? मुलं हसतात. ते धुकं! म्हणजे आग खरी की खोटी यावर भांडण्याआधी धूर खरंच धूर आहे का, ते पाहायला हवं.

परदेशातही याच विचाराच्या आकृत्या तयार झाल्या. अमेरिकेत विगमोर यांनी १९१३ मध्ये कोर्टातले पुरावे रेषांनी जोडून दाखवायची पद्धत मांडली. कोणता पुरावा कोणत्या मुद्द्याला आधार देतो ते त्यात डोळ्यांना दिसतं. १९५८ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ टूलमिन यांनी दावा, आधार आणि त्या दोघांना जोडणारं बहुतेक वेळा न बोललेलं गृहीत असे वादाचे भाग पाडले. हरकतीलाही त्यांच्या आकृतीत जागा आहे. आगरकरांनी अशा आकृत्या काढल्या नव्हत्या. पण त्यांचे निबंध वाचताना अशी आकृती सहज काढता येते, कारण ते विरोधकाची हरकत आधी मांडतात आणि मग तिला उत्तर देतात.

वादाचं झाड असं काढा :

खोड : दावा. म्हणजे मला काय म्हणायचंय ते एका वाक्यात.
फांद्या : कारणं. एका फांदीवर एकच कारण.
पानं : पुरावा. पाहिलेलं, मोजलेलं, घडलेलं.
मुळं : गृहीत. जे आपण बोलत नाही पण धरून चालतो.
कोयता : हरकत. लाल खडूने काढायचा आणि तो नेमका कोणत्या फांदीवर पडतो ते दाखवायचं.

नियम एकच. कोयता फांदीवर चालवायचा, माणसावर नाही.

सुधारक आणि संमतिवयाचा वाद

आता पुन्हा चरित्राकडे येऊ. बालविवाह, विधवांचं केशवपन, मुलींचं शिक्षण या विषयांवरची आगरकरांची मतं 'केसरी'तल्या सहकाऱ्यांना पटेनात. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये स्वतःचं 'सुधारक' पत्र काढलं. त्याच्या इंग्रजी बाजूचं काम गोपाळ कृष्ण गोखले पाहत. मुलगे आणि मुली यांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, असं आगरकरांनी त्या काळात मांडलं. आज आपल्या वर्गात मुली-मुलं शेजारी बसतात तेव्हा त्यात नवल वाटत नाही. तेव्हा हे बोलणाऱ्याला शिव्या मिळत.

१८९० मध्ये बंगालमधल्या फुलमणी नावाच्या लहान मुलीच्या मृत्यूचा खटला गाजला. लग्न होऊन सासरी गेलेल्या या मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीने जीव गेला होता. त्यानंतर सरकारने कायद्यात मुलींच्या संमतीचं वय १० वरून १२ वर्षं करायचं ठरवलं. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. आगरकर कायद्याच्या बाजूने होते, टिळक विरोधात होते.

परीक्षेत आपण लिहितो की आगरकर सुधारक आणि टिळक सनातनी. दोन मार्क मिळतात, पण वाद समजत नाही. झाड काढून पाहू.

पहिलं खोड : मुलींची लग्नं कोवळ्या वयात होऊ नयेत.
आगरकर : मान्य.
टिळक : त्यांनी १८९० मध्ये सुधारकांपुढे असं ठेवलं की आपण स्वतःच प्रतिज्ञा करू. मुलीचं लग्न १६ वर्षांच्या आत आणि मुलाचं २० वर्षांच्या आत करायचं नाही. म्हणजे त्यांचंही मान्य! सरकार १२ म्हणत होतं, टिळक स्वेच्छेने १६ म्हणत होते.

दुसरं खोड : त्यासाठी सरकारने कायदा करावा.
आगरकर : हो. फांदी अशी की लोक आपण होऊन बदलायला पिढ्या जातील, तोवर मुलींचे हाल होतच राहतील. पान असं की सतीची चाल १८२९ मध्ये कायद्यानेच बंद झाली होती.
टिळक : नको. फांदी अशी की आपल्या घरातल्या आणि धर्मातल्या गोष्टींत परक्या सरकारला हात घालू दिला तर तो हात मागे जाणार नाही. दुसरी फांदी अशी की लोकांना शिकवून, त्यांचं मन वळवून केलेली सुधारणाच टिकते.

आणि मुळं? टिळकांच्या झाडाखाली राजकीय स्वातंत्र्य आधी हे मूळ आहे. आगरकरांच्या झाडाखाली माणसाचं, त्यातही दुबळ्या माणसाचं दुःख आधी हे मूळ आहे.

पाहा मुलांनो, भांडण पहिल्या खोडावर नव्हतंच. ते दुसऱ्या खोडावर होतं आणि त्याचं कारण मुळात होतं. पण रस्त्यावरच्या लोकांना एवढं पाहायला वेळ नव्हता. त्यांनी फांदी सोडली आणि माणूस धरला. आगरकर जिवंत असताना त्यांच्या पुतळ्याची प्रेतयात्रा काढली गेली. ज्याला उत्तर देता येत नाही त्याची तिरडी बांधायची, ही पद्धत तेव्हाही होती.

मी खोटं सांगणार नाही. झाड काढलं असतं म्हणून टिळक-आगरकर एक झाले असते असं नाही. मुळंच वेगळी असली की झाडं एक होत नाहीत. शिवाय सगळं भांडण मतांचंच नव्हतं. सोसायटीच्या सभासदांनी बाहेरून कमाई करावी का, किती साधेपणाने राहावं, यावरूनही मनं दुखावली होती. शेवटी १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. ज्या शाळेसाठी दोघांनी नोकरीची वाट सोडली तिथे ते एकत्र राहू शकले नाहीत. मात्र झाड काढल्यावर एक गोष्ट होते. आपण नेमके कुठे वेगळे आहोत ते कळतं, आणि जिथे एक आहोत तिथे तरी भांडत नाही.

प्राचार्य आगरकर आणि अखेर

वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने ते वर्षानुवर्षे आजारी होते. तरी शिकवणं आणि लिहिणं सुरूच होतं. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षंही पूर्ण झाली नसताना, त्यांचं निधन झालं. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे वेगळे बांधून ठेवले होते, असं सांगितलं जातं.

'केसरी'त त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. इतक्या वर्षांच्या वादानंतरही मित्राचं मोठेपण त्यांनी लिहून ठेवलं. वाद मतांचा होता, हे त्या दिवशी तरी सगळ्यांना दिसलं.

आमच्या वर्गातला अनुभव

आता माझी एक चूक सांगते. आमच्या भागात दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. शिमग्याला चार दिवस येतात आणि पावसाआधी परत येतात. एका वर्षी माझ्या वर्गातली सहावीची एक हुशार मुलगी भट्टीवर जाणार असं कळलं. मी संध्याकाळी पाड्यावर गेले आणि ओट्यावर बसून शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. सावित्रीबाई सांगितल्या, आगरकर सांगितले. आई-बाबांनी मान डोलावली, कोरा चहा दिला. आणि निघायची तयारी काही थांबली नाही.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. मुलीने शिकावं या खोडावर तिथे कुणाचाच कोयता नव्हता. ते त्यांना मान्यच होतं. मी तासभर मान्य गोष्टच पटवत बसले होते!

दुसऱ्या दिवशी खडू घेऊन गेले आणि त्यांच्याच ओट्यावर झाड काढलं. या वेळी दावा त्यांचा लिहिला : मुलीला सोबत न्यावं लागेल. मग कारणं विचारत गेले. पहिली फांदी, दीड वर्षाच्या भावाला भट्टीवर कोण सांभाळणार? दुसरी फांदी, इथे तिचं जेवणखाण कोण बघणार? बराच वेळ गप्प बसल्यावर आजीने तिसरी सांगितली. ती खरं तर मूळच होती. म्हातारीच्या भरवशावर वाढत्या वयाची पोर रात्री झोपडीत ठेवायची कशी? आदल्या दिवशी हे कुणी बोललं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

एकदा ते ओट्यावर दिसायला लागल्यावर त्यांनीच मार्ग काढला. आजी बाळाला सांभाळायला भट्टीवर जाईल. मुलगी पाड्यातच आत्याकडे राहील. रेशनचं धान्य आत्याकडे ठेवायचं. आत्याला बोलावून विचारलं, ती हो म्हणाली. यातली एकही गोष्ट मी सुचवली नाही. मी फक्त खडू धरला होता.

ती मुलगी त्या वर्षी परीक्षेला बसली. पुढच्या दिवाळीला प्रश्न पुन्हा आला. आता बाळ मोठं झालं होतं पण आजी थकली होती, म्हणून झाड पुन्हा नव्याने काढावं लागलं. प्रत्येक वेळी मनासारखं होतंच असं नाही. काही मुलं गेलीच. पण ती का गेली ते निदान मला आता माहीत असतं, आणि पालकांना दोष देऊन मी मोकळी होत नाही.

वर्गात उपक्रम कसा घ्यावा

१. सुरुवात छोट्या वादाने करा. खिडकीजवळ कोणी बसायचं, मैदान आज कोणाला, असे वाद चालतील.
२. दोन्ही गटांना आपलं नाही तर समोरच्या गटाचं झाड काढायला सांगा. समोरचे हो म्हणेपर्यंत ते झाड पूर्ण धरू नका. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.
३. मग लाल खडू द्या. प्रत्येक हरकत कोणत्या फांदीवर ते बोट ठेवून सांगायचं.
४. तू नेहमी असंच करतोस, तुला काय कळतं, अशी वाक्यं आली तर विचारा, ही कोणती फांदी? फांदी सापडली नाही तर वाक्य पुसायचं.
५. शेवटी दोन्ही झाडांत सारख्या असलेल्या फांद्यांना गोल करा. मुलांना आश्चर्य वाटतं इतके गोल होतात.
६. लिहिता न येणाऱ्या लहान मुलांसाठी काड्या, पानं आणि खडे वापरा. अंगणातही छान होतं.

स्वाध्याय

१. आगरकरांनी 'केसरी' का सोडला ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. संमतिवयाच्या वादात टिळक आणि आगरकर यांचं कोणत्या मुद्द्यावर एकमत होतं?
३. तुमच्या घरात या आठवड्यात झालेल्या एखाद्या वादाचं झाड काढा. आधी समोरच्याचं, मग तुमचं.

मित्रांनो, यंदा परिपाठात आगरकरांवर भाषण झालं की टाळ्यांनंतर पाच मिनिटं घ्या आणि फळ्यावर एक झाड काढा. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरात जन्मलेल्या आपल्या मुलांना उद्या ग्रामसभेत, कचेरीत, सासरी, कुठेही आपली बाजू मांडावी लागणार आहे. आवाज चढवून नाही, कारण देऊन. एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारा टेंभूचा तो मुलगा याच बळावर उभा राहिला होता.

तुमच्या वर्गात झाडाला काय काय फांद्या फुटल्या ते जरूर कळवा.